तळाचं तांबं

२९ डिसेंबर १८१२. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा' नावाचं ब्रिटिश लढाऊ जहाज अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी भिडलं आणि काही तासांत हरलं. डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान लँबर्टला प्राणघातक जखम झाली. ओढून न्यावं असं त्या जहाजात काही उरलं नव्हतं, म्हणून अमेरिकनांनी माणसं उतरवून घेतली आणि ते पेटवून दिलं.

जावा निघालं होतं मुंबईला. त्यावर टॉमस हिस्लॉप नावाचा एक बडा प्रवासी होता. पुढे पाच वर्षांनी, डिसेंबर १८१७मध्ये, महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिलेला सेनापती तो हाच. मराठ्यांच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते त्या लढाईमुळे. पण आज आपल्याला हिस्लॉपशी कर्तव्य नाही. जावाच्या पोटात तांबं होतं. मुंबईच्या गोदीत तयार होत असलेल्या चौऱ्याहत्तर तोफांच्या एका जहाजाच्या आणि दोन लहान लढाऊ गलबतांच्या तळाला ठोकायचे पत्रे. शिवाय त्याच गोदीत बांधायच्या एका फ्रिगेटचे (मध्यम आकाराच्या वेगवान लढाऊ जहाजाचे) आराखडेही त्याच खेपेत निघाले होते. आराखडे पुन्हा काढून पाठवावे लागले. त्यावरून जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

त्या काळी मुंबईची गोदी म्हणजे वाडियांची गोदी. लवजी नसरवानजी वाडिया १७३६मध्ये सुरतेहून इथे आले, आणि मग या घराण्याच्या पिढ्यांनी कंपनी सरकारला आणि ब्रिटिश नौदलाला जहाजं बांधून दिली. इंग्लंडात ओक संपत आला होता, इथे मलबारचं सागवान होतं. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे सडतात. सागाच्या अंगच्या तेलानं ते टिकतात, हे गोदीतल्या सुताराला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. लाकूड इथलं, हात इथले. तांबं तेवढं अर्ध्या जगाला वळसा घालून यायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर एका किड्यासाठी. खरं म्हणजे तो किडा नाहीच, शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. पण दिसतो गांडुळासारखा आणि वागतो वाळवीसारखा. टेरेडो त्याचं नाव. उबदार समुद्रात तो लाकडात शिरतो आणि आतून बोगदे पाडत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि एका लाटेला पोळीसारखी तुटते. त्याच्या जोडीला शेवाळ आणि बार्नेकल. हे चुन्याच्या कवचाचे जीव एकदा का तळाला चिकटले की जहाजाचा वेग खाऊन टाकतात. कोकणातला कोळी होडी वाळूवर ओढतो, तळ खरवडतो, वरून तेल-राळ लावतो. शेदोनशे माणसांचं लढाऊ जहाज असं दर हंगामाला वाळूवर कोण ओढणार?

ब्रिटिश नौदलानं १७६१मध्ये 'अलार्म' या बत्तीस तोफांच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडिजला धाडलं. दोन वर्षांनी ती परतली तेव्हा गोदीत तिचा तळ तपासला गेला. पत्र्यांवर शेवाळ नाही, बार्नेकल नाही, किड्यानं लाकडाला तोंड लावलेलं नाही. सगळं अपेक्षेपेक्षा चांगलं. फक्त पत्रे ज्यांना टेकले होते ते लोखंडी खिळे गायब झाले होते. गायब म्हणजे काय, तर लोखंडाच्या जागी मऊ, तांबूस लगदा उरला होता. काही खिळे मात्र जसेच्या तसे होते, आणि तपासणाऱ्यांना कोडं पडलं. बारकाईनं पाहिल्यावर कळलं की पत्रे कारखान्यातून तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, आणि काही ठिकाणी ठोकणाऱ्यांनी तो कागद काढायचा कंटाळा केला होता. जिथे कागद राहिला होता तिथला खिळा वाचला होता. जिथे तांबं आणि लोखंड एकमेकांना भिडले होते तिथला लोखंडाचा खिळा समुद्रानं खाल्ला होता.

त्या आळशी कामगाराचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला पहिला मोठा प्रयोग त्यानंच केला.

नौदलानं त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर होता, पण कारण कोणाला ठाऊक नव्हतं. असणार कसं? दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी आणि दोघांचा स्पर्श, एवढं जमलं की वीज वाहते, हे शास्त्रज्ञ व्होल्टानं जगाला सांगितलं १८००मध्ये. अलार्मचा तळ म्हणजे त्याच्या एकोणचाळीस वर्षं आधी बनलेली, समुद्रात बुडवलेली बॅटरी होती. तिची वीज कोणाला दिसली नाही, बिल मात्र लोखंडाच्या नावावर फाडलं गेलं. तांबं आपले इलेक्ट्रॉन सोडायला कचरतं, लोखंड उतावीळ असतं. दोघांची गाठ पडली की तांब्याच्या वाट्याचं मरण लोखंड ओढवून घेतं.

मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. इंग्लंडला फ्रान्स आणि स्पेन दोघांशी समुद्रावर लढायचं होतं, जहाजं कमी पडत होती, आणि तांब्याच्या तळाचं जहाज वेगात साध्या जहाजाला मागे टाकत होतं. नौदलाचा कारभार पाहणाऱ्या चार्ल्स मिडलटननं १७७९पासून अख्ख्या ताफ्याला तांबं ठोकायचा सपाटा लावला. जानेवारी १७८०मध्ये केप सेंट व्हिन्सेंटजवळ अ‍ॅडमिरल रॉडनीनं स्पॅनिश ताफ्याचा रात्री, वादळी हवेत पाठलाग करून त्याला गाठलं, त्यात तांब्याच्या तळांचा वाटा होता. खिळ्यांचं मात्र काय? तांबं आणि लाकूड यांच्यामध्ये डांबर लावलेला कागद घालायचा, म्हणजे पाणी आत जाणार नाही, अशी योजना होती. पाणी आत गेलं. पाण्याला वाट लागत नाही, फट पुरते. १७८२च्या वादळात काही जहाजं बुडाली, तेव्हा आतले लोखंडी बोल्ट आधीच पोकळ झाले असावेत अशी शंका उघडपणे बोलली गेली. शेवटी १७८३च्या सुमारास तांब्याचेच टणक बोल्ट बनवायची युक्ती सापडली आणि लोखंड तळातून हद्दपार झालं. एक भांडण मिटलं. पत्रा आणि पाणी यांचं भांडण तसंच राहिलं.

कारण तांबंही झिजत होतं. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. 'व्हिक्टरी'सारख्या मोठ्या जहाजाला असं सुमारे १७ टन तांबं लागायचं. काही जहाजांवर ते वर्षानुवर्षं टिकायचं, काहींवर चाळण व्हायची. खर्च सरकारला डोईजड होत होता.

इथे एक जुनी गोष्ट आठवून घ्यायला हवी, ती म्हणजे पाणी धातूला खातं म्हणजे नक्की काय करतं. आपल्या स्वयंपाकघराला हे शास्त्राच्या आधीपासून माहीत आहे. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हिरवट चव येते, पोट बिघडतं. म्हणून दारावर कल्हईवाला येणार, भट्टी पेटवणार, नवसागर टाकून कथील फिरवणार. पण साधं स्वच्छ पाणी त्याच तांब्याच्या हंड्यात आपण रात्रभर खुशाल ठेवतो. लोखंडाची विळी मात्र ओली राहिली की सकाळी तांबूस. या साध्या फरकामागे काय आहे याचा छडा लागला तो पॅरिसमध्ये.

तिथल्या लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञानं बंदुकीची लोखंडी नळी घेतली, तिरकी धरून भट्टीत लाल केली आणि वरच्या टोकानं पाणी थेंब थेंब सोडलं. खालच्या टोकातून वाफ नाही आली, पेटणारा वायू आला. नळी थंड झाल्यावर आतून काळ्या थरानं मढलेली आणि वजनानं भारी झालेली होती. पाणी फुटलं होतं. त्यातला ऑक्सिजन लोखंडानं धरून ठेवला, हायड्रोजन सोडून दिला. फेब्रुवारी १७८५मध्ये विज्ञान अकादमीच्या सदस्यांसमोर त्यानं हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. पाणी हे मूलतत्त्व आहे ही दोन हजार वर्षांची समजूत एका बंदुकीच्या नळीत संपली. लाव्हाझिएचा शेवट मात्र फ्रेंच राज्यक्रांतीत, ८ मे १७९४ रोजी गिलोटिनखाली झाला, आणि जेमतेम सात आठवड्यांनी, २६ जूनला, त्याच क्रांतीच्या फौजेनं फ्लरूसच्या लढाईत टेहळणीसाठी हायड्रोजनचा फुगा चढवला. हायड्रोजन कसा बनवला होता? तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडून. गंधक बंदुकीच्या दारूला हवं होतं, त्यामुळे गंधकाम्लाची जुनी रीत परवडत नव्हती. ज्याचं डोकं उडवलं त्याची रीत तेवढी ठेवून घेतली.

लोखंडाला एवढी आच लागते तेव्हा कुठे ते पाणी फोडतं. तांबं लाल तापवलं तरी वाफेपुढे ढिम्म राहतं. मग असाही एखादा धातू असेल का, ज्याला आच लागतच नाही?

त्याचं उत्तर हम्फ्री डेव्ही नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला मिळालं, ६ ऑक्टोबर १८०७ रोजी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत. डेव्ही मूळचा कॉर्नवॉलचा, तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींच्या मुलखातला, पेन्झान्सचा. व्याख्यानं देण्यात एवढा तरबेज की ऐकायला लंडनच्या बड्या घरांतल्या गाड्यांची रांग लागे. त्याच्याकडे जस्त आणि तांबं यांच्या शेकडो पट्ट्यांची प्रचंड बॅटरी होती. लाकडाच्या राखेतून मिळणारा पोटॅश, म्हणजे आपल्याकडे ज्या राखेच्या पाण्यानं कपडे धुतले जायचे त्यातलाच तीव्र क्षार, त्याला फोडायचा होता.

पाण्यात विरघळवून वीज सोडली तर नुसतं पाणीच फुटत होतं. कोरडा पोटॅश वितळवून सोडली तर ज्वाळा उसळत होत्या, हाती काही येत नव्हतं. मग त्यानं घन पोटॅशचा तुकडा क्षणभर हवेत ठेवला, म्हणजे दमटपणा ओढून घेऊन तो वीज वाहण्याइतका ओलसर होईल, आणि प्लॅटिनमच्या ताटलीत ठेवून तारा जोडल्या. तुकडा वितळू लागला. वरच्या बाजूनं बुडबुडे आले, खालच्या बाजूला मात्र पाऱ्यासारखे चकचकीत मणी दिसू लागले. काही मणी फट्कन फुटून पेटले, काही हवेतच पांढरट होत गेले. त्या वेळी हाताशी असलेला त्याचा चुलतभाऊ एडमंड पुढे सांगायचा की हम्फ्री खोलीभर नाचला. पुन्हा शांत होऊन कामाला बसायला त्याला बराच वेळ लागला.

हा पोटॅशियम. चाकूनं लोण्यासारखा कापला जाणारा, पाण्यापेक्षा हलका, इतका की हा धातू म्हणायचा की नाही यावर लोकांनी वाद घातला. पाण्यावर टाकला की तो सुर्रकन पळतो, जांभळट ज्योतीनं पेटतो आणि शेवटी फटाका वाजावा तसा फुटतो. बर्फावर ठेवला तरी पेटला आणि बर्फात खोल भोक पाडून गेला. या साऱ्या प्रयोगांतला एक मला फार आवडतो. डेव्हीनं हळदीनं रंगवलेला ओलसर कागद घेतला आणि त्यावर पोटॅशियमचा मणी सोडला. तो पेटला आणि कागदावर सैरावैरा धावू लागला, जणू ओल हुंगत फिरतोय, आणि जाईल तिथे लालसर तपकिरी रेघ सोडत गेला. आपल्या वाचकाला त्या रेघेचं आश्चर्य वाटायला नको. हळदीत क्षार मिसळला की ती लाल होते, यावर तर कुंकू बनतं. पाण्यातून हायड्रोजन हुसकावून लावताना मागे क्षार उरतो, याची साक्ष त्या कागदानं काढून दिली.

सोडियम काही दिवसांतच हाती लागला, पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम. आता धातूंची एक उतरंड दिसू लागली. पोटॅशियमला थंड पाणी दिसताच राहवत नाही. सोडियम वितळून गोळी होते आणि फुसफुसत फिरते. कॅल्शियम बुडतो आणि बुडबुडे सोडत बसतो. मॅग्नेशियम गार पाण्यात जवळजवळ स्वस्थ, पण तापवून वाफेत धरला की पेटतो. लोखंडाला लाल व्हावं लागतं. तांबं, चांदी, सोनं पाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आम्हाला शाळेत हे पाठ करायला लावलं होतं, आणि बाई रॉकेलच्या बाटलीतून सोडियमचा तुकडा चिमट्यानं काढून ब्लेडनं कापायच्या, तेव्हा कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकून डोळ्यांदेखत मंद व्हायची. उतरंड विसरलो, ती मंद होत जाणारी चमक लक्षात राहिली.

पण तांबं पाण्याकडे बघत नसेल तर जहाजाचा पत्रा झिजतो कसा?

१८२३मध्ये नौदलानं हाच प्रश्न रॉयल सोसायटीपुढे ठेवला. अध्यक्ष होता डेव्हीच. आता सर हम्फ्री, खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्यामुळे घरोघरी ठाऊक झालेला, आणि तब्येतीनं थोडा उतरलेला. लोकांचा समज होता की दोष तांब्यात आहे, भेसळीचं तांबं लवकर जातं. डेव्हीनं शुद्ध आणि भेसळीचं दोन्ही समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिलं. तेवढा फरक नव्हता. खरा गुन्हेगार पाण्यात विरघळलेली हवा होती. नुसतं पाणी तांब्याचं काही करू शकत नाही, पण हवेतला ऑक्सिजन आणि समुद्राचं मीठ दोघं मिळून त्याचा हिरवा क्षार बनवतात. पत्र्यावर हिरवा थर चढतो, धुपून जातो, नवा चढतो. हवा काढून टाकलेल्या पाण्यात तांबं तसंच राहतं.

मग उपाय? समुद्रातून हवा काढता येत नाही. पण डेव्हीकडे पंधरा वर्षांची बॅटरीची सवय होती. तांबं झिजतं म्हणजे ते इलेक्ट्रॉन सोडतं (हा शब्द तेव्हा नव्हता, विचार होता). त्याला एखाद्या जास्त उतावीळ धातूशी जोडून दिलं तर झिजायचं काम तो धातू करेल आणि तांबं शांत राहील. अलार्मच्या खिळ्यांवर जे संकट आलं होतं तेच आता मुद्दाम, हिशोबानं घडवायचं होतं. या वेळी बळी जाण्यासाठी लोखंड नेमायचं. आपला सहायक मायकेल फॅरेडे याच्या मदतीनं त्यानं प्रयोग केले. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा, किंवा नुसतं एका लहान लोखंडी खिळ्याचं टोक, चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला खाऱ्या पाण्यात जसंच्या तसं राखू शकतं, असं दिसलं. २२ जानेवारी १८२४ला त्यानं रॉयल सोसायटीत निबंध वाचला. पेटंट घेतलं नाही.

जस्तापेक्षा बीड स्वस्त. म्हणून बिडाचे ठोकळे नक्की झाले, तेच बीड ज्याचा तवा होतो. पोर्ट्समथच्या बंदरात आधी पत्रे बुडवून पाहिले, मग जहाजांवर ठोकळे बसवले. त्यांतलं एक जहाज होतं 'समरंग', अठ्ठावीस तोफांचं, सागवानाचं, कोचीनला बांधलेलं. तांबंही त्याला भारतातच चढवलं होतं. १८२४मध्ये ते गोदीत आलं तेव्हा तळ गंजानं आणि शेवाळानं माखला होता. तो साफ करून पुढे-मागे चार ठोकळे बसवले, सगळे मिळून तांब्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्याएवढे. समरंग नोव्हास्कोशियाला जाऊन जानेवारी १८२५मध्ये परतलं. तांबं वाचलं होतं. डेव्ही स्वतः १८२४च्या उन्हाळ्यात 'कॉमेट' नावाच्या वाफेच्या जहाजावर नॉर्वेकडे जाऊन आला, वाटेत हिशोब घेत आणि बोट लागल्यानं आडवा होत.

आणि मग बातम्या येऊ लागल्या. ठोकळे बसवलेली जहाजं मंदावली होती. गोदीत चढवून पाहिलं तर तळावर शेवाळाचे झुपके लोंबत होते, बार्नेकलांची वसाहत झाली होती. पत्रा खाली अगदी नवा. त्याच्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात नेटका प्रयोग, तंतोतंत यशस्वी झालेला, आणि म्हणूनच फसलेला.

कारण कळायला वेळ लागला नाही. तांब्याचा क्षार विषारी असतो. आपल्या द्राक्षाच्या बागेत मोरचुदाचं आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण बुरशीवर फवारतात ते त्याच विषासाठी. साठ वर्षं जहाजांचे तळ स्वच्छ राहिले ते तांबं हळूहळू विरघळत होतं म्हणून. लाटेबरोबर सुटणाऱ्या त्या किंचित हिरव्या विषामुळे बार्नेकलचं पिल्लू पत्र्यावर टिकायचंच नाही. डेव्हीनं तांब्याचं झिजणं थांबवलं आणि विषाचा झरा आटला. शिवाय वाचवलेल्या तांब्याच्या अंगाशी पाणी क्षारधर्मी होतं, त्यामुळे समुद्रातला चुना आणि मॅग्नेशियम यांची पांढरी साय बसते. ही साय डेव्हीच्या स्वतःच्या नजरेला पडली होती. चुन्याच्या कवचाच्या जिवाला याहून चांगली जागा कुठली?

जुलै १८२५मध्ये नौदलानं हुकूम काढला: समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरचे ठोकळे काढून टाका. वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. राजेशाही इतमामात सुरू झालेलं शास्त्र बंदराच्या चिखलात रुतलं, असा सूर होता. डेव्हीला ते लागलं. खरं म्हणजे त्याला विचारलेला प्रश्न होता तांबं कसं टिकवायचं, आणि त्यानं अचूक उत्तर दिलं होतं. तांबं टिकावं ही गरज गोदीच्या हिशोबनिसाची होती, कप्तानाची नव्हे. कप्तानाला ते विरघळायलाच हवं होतं, फक्त बेताबेतानं.

डेव्ही त्यानंतर फार जगला नाही. १८२७मध्ये प्रकृतीमुळे अध्यक्षपद सोडलं, युरोपात हवापालट करत, मासे गळाला लावत फिरला, आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात वारला. मधला मार्ग नंतर बर्मिंगहॅमच्या मंट्झ नावाच्या कारखानदारानं काढला. त्यानं १८३२मध्ये साठ भाग तांबं आणि चाळीस भाग जस्त अशा मिश्रधातूचं पेटंट घेतलं. तो झिजायचा, पण शुद्ध तांब्यापेक्षा स्वस्तात, आणि बार्नेकलही दूर ठेवायचा. आजच्या पोलादी जहाजांच्या तळाला जो लालसर रंग दिसतो त्यात बहुधा तांब्याचं ऑक्साइड असतं, काम तेच. आणि डेव्हीचे ठोकळेही गेलेले नाहीत. पोलादी जहाजाच्या सुकाणूजवळ, पंख्याजवळ जस्ताचे तुकडे जोडलेले असतात. पोलाद टिकवायला ते झिजतात. इथे विष रंगातून येतं, पोलादाच्या झिजण्यातून नव्हे, म्हणून तिथे डेव्ही बरोबर ठरला.

हे लिहायला बसलो त्याच आठवड्यात घरचा गीझर गळायला लागला. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी आहे, खारं म्हणावं असं. दुरुस्तीवाला आला, त्यानं गीझर उतरवला, पाना लावून एक लांब सळई फिरवत बाहेर काढली. नवी असताना ती अंगठ्याएवढी जाड होती म्हणे. आता मध्ये काडीसारखी लोखंडी तार, तिच्यावर ठिकठिकाणी पांढऱ्या खपल्या आणि वरच्या टोकाला मेणबत्तीच्या बुडख्यासारखा धातूचा एक खडबडीत तुकडा. मॅग्नेशियम, १८०८मध्ये डेव्हीनं शोधलेला.

"रॉड गेलाय," तो म्हणाला. तारेवरची खपली त्यानं नखानं खरवडून पाहिली. मग टॉर्च लावून टाकीच्या आत डोकावला आणि बराच वेळ बघत राहिला. "टाकी चांगली आहे. वॉशर बदलतो."